भिवापुरी अस्तर

आमची मोठी आत्या दुकानात गेली की कपडा आधी उलटा करायची. दुकानदार रंग दाखवत असायचा, काठ दाखवत असायचा, आणि ही आतली शिलाई बोटाने चाचपत बसायची. "बाहेरून तर सगळेच चांगले दिसतात. आतून दाखव ना गा," असं ती म्हणाली की इतवारी बाजारातले जुने दुकानदार हसून ठाण तिच्या पुढ्यात सरकवायचे. आमच्या घरातल्या एकाही लग्नाची कापडखरेदी तिच्याशिवाय झाली नव्हती.

ती खापरखेड्याच्या वीज केंद्रात भांडारात कारकून होती. लग्न केलं नव्हतं. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची आणि दर रविवारी बसने आमच्याकडे नागपुरात यायची. बालपण मिरचीच्या भिवापूरला गेलेलं, त्यामुळे लाल रंगाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नसे. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरचीचा जो गडद, थोडा काळसर लाल, तोच तिच्या लेखी लाल. बाकीच्यांना ती "हा नुसताच लाल" म्हणून बाजूला सारायची. स्वतः बहुतेक त्याच रंगाच्या साड्या नेसायची.

मी फार बोलत नसे. अजूनही बोलत नाही. चौथीत असताना घरी पाहुणे आले होते आणि आत्या माझं कौतुक करत त्यांना म्हणाली, "माय नीस इज व्हेरी सायलेन्स." मी लगेच म्हटलं, "सायलेन्ट." सगळे हसले, तीही हसली. पण त्यानंतर तिने माझ्यासमोर इंग्रजीचं एकही वाक्य उच्चारलं नाही. ते माझ्या लक्षात आलं, आणि आत्याची चूक पुन्हा काढायची नाही असं मी मनात ठरवून टाकलं.

सातवीत शाळेच्या उन्हाळी शिबिरातून मी घोडेस्वारी शिकायला लागले. शहराबाहेरच्या त्या क्लासमध्ये बिजली नावाची एक म्हातारी घोडी होती. गप्प मुलांपाशी ती शांत राहते म्हणून सरांनी मला तीच दिली. आत्याला हे नाव फार आवडलं. "आमच्या इथी लोक बिजली बनवून राहिले अन् तू बिजलीवर बसून राहिली," ती म्हणायची. बिजलीची चाल पाहिल्यावर म्हणाली, "हिचं व्होल्टेज लईच कमी हाये वं."

मग स्पर्धेचं पत्रक आलं. ड्रेसाजची स्पर्धा. त्यात आखलेल्या मैदानात घोडा ठरलेल्या क्रमाने चालवून दाखवायचा असतो. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, कुठे दुडकी चाल धरायची, सगळं पाठ करावं लागतं. कपडे नियमाप्रमाणे हवेत, एवढंच. त्यांना गुण नसतात. आत्याने पत्रक हातात घेतलं, मोठ्याने वाचलं आणि तिचा चेहरा उजळला.

"ड्रेस आज. नावातच हाये ना वं. मले अगोदर काहून नाही सांगितलं? घोड्याचं तुह्ये सर पाहतील. ड्रेसचं मी पाहते."

मी तोंड उघडलं होतं. पण तिने तेवढ्यात पिशवीतून वही काढून पांढरी विजार, पांढरे हातमोजे, गडद कोट, जाळीत बांधलेला अंबाडा अशी यादी करायला घेतली होती. मी पत्रकातली एकेक ओळ मराठीत सांगत गेले आणि कपड्यांना गुण नसतात ही एक ओळ तेवढी सांगितली नाही.

त्यानंतरचे सगळे रविवार कपड्यांत गेले. कोट काळा की निळा यावर तिने दोन रविवार घेतले. खिडकीपाशी नेऊन दोन्ही कापडं माझ्या गालाला लावून पाहिली आणि निळा ठरवला. लकडगंजच्या टेलरकडे नेलं तेव्हा तो मला उभं करून माप घ्यायला लागला. आत्याने टेप अडवली. "ही का उभी राहून स्पर्धा करणार हाये? बसलेलं माप घ्या." दुकानाबाहेर उभ्या असलेल्या स्कूटरवर मला बसवलं, हात लगाम धरल्यासारखे ठेवायला लावले, आणि रस्त्यावरचे लोक बघत असताना टेलरने माझी पाठ मोजली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोट मात्र असा बसला की तसा कपडा मला पुन्हा कधी बसलेला नाही.

कोटाला अस्तर तिने लाल लावलं. भिवापुरी.

"आत्या, गडद रंग लिहिलाय," मी म्हटलं.

"बाहेरून लिहिलाय. आतून कोण पाहते? आतलं आपलं."

स्पर्धेच्या दिवशी तिने माझ्या अंबाड्याला जाळी लावली, हातमोज्यांची बोटं एकेक करून नीट बसवली आणि मागे सरून माझ्याकडे पाहिलं. "आता कोणाची हिंमत नाही," म्हणाली. आई-बाबांबरोबर दोरीपाशी जाऊन उभी राहिली.

मी मैदानात शिरले, मध्यभागी थांबले, परीक्षकांना मान लववली. पुढे डावीकडे वळायचं होतं. मी उजवीकडे वळले. बिजलीने दुडकी चाल धरली, वारा होता, कोटाची मागची चीर उघडून पल्ला उलटला, आणि त्याच क्षणी चूक झाल्याची घंटी वाजली. मी परत आले, पुढे पुन्हा चुकले, पुन्हा घंटी. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मी बाद झाले होते. मला काहीही आठवत नव्हतं. महिनाभर पाठ केलेलं सगळं पुसून गेलं होतं, एवढंच.

घरी परतताना गाडीत बाबांनी विचारलं, "काय झालं गं नेमकं?"

मी उत्तर द्यायच्या आत आत्या म्हणाली, "तिले काही विचारू नको. माह्यं चुकलं. लाल अस्तर दिसलं की घंटी वाजली. मी पाहिलं ना माह्या डोळ्यानं. पोरीनं सांगितलं होतं गडद लिहिलंय म्हणून."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. पाठांतर विसरल्याची मला इतकी लाज वाटत होती की ते ओझं दुसऱ्या कुणी उचललेलं पाहून मला बरं वाटलं. हे मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

पुढच्या रविवारी ती कोट घेऊन गेली आणि त्याच्या पुढच्या रविवारी काळं अस्तर लावून परत आणला. तो मी पुन्हा घातला नाही. आठवीचा अभ्यास वाढला, क्लास सुटला. चुलतबहिणीच्या लग्नाची खरेदी निघाली तेव्हा आत्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली. काकूने साडी पुढे केली तर म्हणाली, "तुमीच पाहा. मले त्यातलं समजत नाही." साडी उलटी करून पाहिलीसुद्धा नाही. मी शेजारीच बसले होते. दुकानदाराने दिलेला चहा पीत होते.

गेल्या वर्षी तिला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण समजत सगळं होतं. दवाखान्यात दुपारी मी तिच्यापाशी एकटी असताना एकदाचं सांगितलं. त्या स्पर्धेत ड्रेसला गुणच नसतात, मी वळण चुकले होते, घंटी माझ्यासाठी वाजली होती, सगळं. वाक्यं मी घरून जुळवून नेली होती.

तिने डाव्या हाताने माझा हात थोपटला.

"माह्यं मन राखून राहिली," ती हळूहळू म्हणाली. "लहानपणापासून अशीच हाये तू. कोणाले दुखवत नाही."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. ती हसली आणि डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा सांगायला मला तोंड राहिलं नव्हतं.

ती गेली त्या सकाळी आई आणि काकूने तिचं कपाट उघडलं आणि तिच्या अंगावर घालायला साडी काढून दे म्हणून मला सांगितलं. मी वरपासून खालपर्यंत सगळ्या घड्या पाहिल्या. राखाडी, बदामी, फिकट निळा. लाल एकही नव्हती.

"पूर्वी लाल किती नेसायची," आई मागून म्हणाली. "मग एकदम सोडलंच. काहून, कोण जाणे."

मी राखाडी साडी काढून दिली.