न टाकलेला चेंडू

रणजित सबनीस पाच वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर पुण्याहून न्यूझीलंडला आला. ऑकलंडजवळच्या पुकेकोहेत आमची घरं एकाच रस्त्यावर. त्याचे वडील शशिकांतराव ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर. आई अनुराधा माझी मैत्रीण. शशिकांतरावांनी मुलासाठी पुण्याहून क्रिकेटची बॅट आणली होती, पण शेजारची माओरी मुलं सॉफ्टबॉल खेळायची आणि रणजित त्यांच्यात गेला तो गेलाच. हायस्कुलात असताना एका बेसबॉल कोचनं त्याची फेक पाहिली आणि घरी येऊन सांगितलं, "हा मुलगा अमेरिकेत खेळेल."

शशिकांतरावांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी तो शिकून घेतला. कामावरून आले की मागच्या लॉनवर पालथ्या बादलीवर बसायचे आणि हातात ग्लव्ह चढवून पोराचे चेंडू झेलायचे. एकदा त्यांचं बोट मोडलं. अनुराधा ओरडली, तर म्हणाले, "अगं, बोटाचं काय घेऊन बसलीस? स्पीड बघ त्याचा!"

अठराव्या वर्षी रणजित खरंच अमेरिकेला गेला. तिथल्या एका क्लबनं त्याला रिलीफ पिचर म्हणून तयार केलं. रिलीफ पिचर म्हणजे चेंडू टाकणारा सुरुवातीचा पिचर दमला किंवा त्याला मार पडायला लागला की मधेच आत येणारा. सामन्याचा बहुतेक वेळ तो मैदानाच्या कडेला, बुलपेन नावाच्या जाळीमागच्या जागेत बसून काढतो. फोन वाजला की उठायचं, हात गरम करायचा आणि बोलावणं आलं तर धावत आत जायचं. अशी कितीतरी वर्षं रणजितनं खालच्या लीगमध्ये, लहान लहान गावांत, बसमध्ये झोपून काढली. सुट्टीत घरी आला की म्हणायचा, "मावशी, हीप्स ऑफ बस, थोडंसं बेसबॉल."

मग एका जुलैत वरच्या, सगळ्यांत मोठ्या लीगच्या टीममधला एक पिचर जखमी झाला आणि रणजितला बोलावणं आलं. अनुराधा तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे अंथरुणात. शशिकांतराव एकटेच मिळेल त्या विमानानं निघाले आणि ओहायोला पोचले.

तिसऱ्या दुपारी बुलपेनमधला फोन वाजला. रणजित उठला, हात गरम करायला लागला. टीम एका धावेनं पुढे होती, पण समोरच्या टीमचे दोन खेळाडू बेसवर, धाव काढायच्या तयारीत होते. बुलपेनच्या वरच्याच रांगेत बसलेले शशिकांतराव उठून उभे राहिले आणि त्यांनी मराठीतून मोठ्यानं हाक मारली, "रणजित! शांतपणे टाक!" रणजितनं वर बघून हात केला. जाळीचं दार उघडलंसुद्धा होतं. एवढ्यात आतल्या दमलेल्या पिचरचा चेंडू बॅटरनं सरळ फील्डरच्या हातात मारला आणि एकाच फटक्यात दोघं बाद झाले, डबल प्ले. संकट टळलं. कोचनं खाली बसायची खूण केली.

दुसऱ्या दिवशी जखमी पिचर परत आला आणि रणजितला खालच्या लीगमध्ये धाडलं. त्या मोठ्या मैदानावर त्यानं एकही चेंडू टाकला नाही. विमानतळावर शशिकांतराव एवढंच म्हणाले, "येईल परत वेळ."

ती आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या कोपरातला लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं, हात बरा झाला, पण वेग गेला. क्लबनं त्याला मोकळं केलं.

तो परत आला. टौरंगाच्या बंदरावर नोकरी धरली आणि शनिवार-रविवारी ऑकलंडच्या एका टीमकडून खेळायला लागला. इथे तो सगळ्यांत चांगला रिलीफ पिचर होता. आम्ही पुकेकोहेची मंडळी डबे घेऊन मॅचला जायचो. शशिकांतराव मात्र एकदाही आले नाहीत. कधी पाठ दुखायची, कधी कारखान्यात काम निघायचं. बापलेकांचं बोलणं हवामानावर आणि मोटरवेच्या ट्रॅफिकवर येऊन थांबलं. एकदा मॅचनंतर बूट काढता काढता रणजित मला म्हणाला, "बाबांना माझी लाज वाटते, मावशी. इट्स ओके. मला कळतं."

"काहीतरीच काय!" मी म्हटलं. पण मलाही दुसरं कारण दिसत नव्हतं.

मागच्या वर्षी शशिकांतराव कामावरच कोसळले. हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. त्या दुपारी आम्ही तिघंच स्वयंपाकघरात होतो. रणजित सहज म्हणाला, "एक मॅच तरी बघायला यायचं होतं त्यांनी."

अनुराधानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "ते तुझ्यासाठीच येत नव्हते रे. अमेरिकेहून आले तेच म्हणत आले, मी तिथे उभा राहिलो म्हणून त्याचं हुकलं. माझा पायगुण वाईट. तो माणूस कधी पत्रिका बघायचा नाही, पण हे एक डोक्यात बसलं ते बसलंच. कोपराचं कळलं तेव्हा तर जेवले नाहीत. तू मॅचला गेलास की इथे फोनवर स्कोअर बघत बसायचे. मी खोलीत आले तरी त्यांना चालायचं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली होती. म्हणाले, त्याला कळलं तर ओढून नेईल मला, आणि परत काहीतरी होईल त्याला."

रणजित तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला. मग लहान मुलाला समजावावं तसं आईला सांगायला लागला, "आई, डबल प्ले झाला गं. त्यानं सरळ फील्डरकडे मारला. असं होतं. रोज होतं. बाबांचा काय संबंध?" त्यानं तेच परत सांगितलं, आणि परत. शेवटी "काय संबंध" एवढंच तोंडातून येत राहिलं, आणि अनुराधानं त्याचं डोकं पोटाशी धरलं.

त्या मोसमात तो मैदानावर गेला नाही. टीमनं दोनदा माणूस पाठवला, मग नाद सोडला. आता अनुराधा टौरंगाला त्याच्याकडेच राहते. जानेवारीत मी भेटायला गेले, तेव्हा त्यानंच चहा केला.

"खेळतोस का रे?" मी विचारलं.

"नाही. हात ठीक आहे, मावशी. अजून टाकता येईल." त्यानं माझ्यापुढे कप सरकवला. "पण आता घरी फोनवर स्कोअर बघत कोण बसणार?"