फक्कीचा नियम

अब्दुर्रहमान हुर्झुक या माणसाला मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. तुर्भ्याच्या कारखान्यात ते पंप दुरुस्त करायचे आणि दुपारचा डबासुद्धा येरझारा घालत खायचे. संध्याकाळी सायकल मारत घणसोलीच्या मैदानावर आले की ते आमच्या 'खाडीकिनारा स्पोर्ट्स क्लब'च्या फुटबॉल टीमचे मॅनेजर. मोठ्या क्लबांत कोच वेगळा, मॅनेजर वेगळा, पाणी देणारा वेगळा. आमच्यात सगळं मिळून एकटे रहमानभाई. मी त्यांचा गोलकीपर, गंगाराम, राहणार कोपरखैरणे, मूळचा परभणीकडचा. गोलकीपरला अर्धा वेळ काही काम नसतं, त्यामुळे माणसं बघायची सवय लागते. मी सगळ्यात जास्त बघितलं ते रहमानभाईंना, कारण चेंडूपेक्षा जास्त तेच पळायचे, फक्त रेघेच्या बाहेरून.

त्यांचा एकच नियम होता. सामन्याच्या दिवशी पहाटे सगळ्या खेळाडूंनी यायचं आणि आपल्या हातानं चुन्याची फक्की मारून मैदान आखायचं. फक्की मारायला जो नाही, तो खेळायला नाही. त्यानं बाहेर बसायचं, आणि बाहेर बसलेल्यानं तोंड उघडायचं नाही. आमचं मैदान म्हणजे तरी काय, भात लावणं बंद झालेली शेतं. कुठं खड्डा, कुठं फुटकी बाटली, कुठं म्हशीनं मागे ठेवलेली आठवण. "वाकून रेघ मारतो त्याला जमीन समजते," रहमानभाई म्हणायचे. आम्ही डोळे चोळत मनातल्या मनात शिव्या घालायचो आणि फक्की मारायचो. पुढे करंडक यायला लागले तेव्हा शिव्या कमी झाल्या.

मग चौऱ्याण्णव साली फायनल आली, ती नेमकी क्लबचे अध्यक्ष आप्पा यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी. सामना सकाळी, लग्न संध्याकाळी आणि आदल्या रात्री हळद. आगऱ्यांची हळद ज्यानं पाहिली नाही त्याला काय सांगणार! लग्न एक वेळ चुकलं तर चालेल, हळद चुकवली तर सात पिढ्या ऐकवतील. बेंजोवाले थकतात, गाव थकत नाही. आप्पांचा धाकटा मुलगा दत्तू आमचा कॅप्टन, गोल मारावे तर त्यानंच. नवरदेवाचा सख्खा भाऊ, तो उजाडेपर्यंत नाचला. मैदानावर आला तेव्हा कोपरापर्यंत पिवळा होता, आणि रेघा मारून झाल्या होत्या.

"बस बाहेर," रहमानभाई म्हणाले.

आम्हाला वाटलं, हाफटाइमपर्यंत बसवतील आणि मग घेतील. त्यांनी सामना संपेपर्यंत बसवलं. आम्ही एका गोलनं हरलो. तो गोल माझ्या दोन पायांमधून गेला होता, पण मला कोणी काही बोललं नाही, कारण बोलायला रहमानभाई होते. संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून लग्नाला आले. मांडवात सगळ्या पाहुण्यांदेखत आप्पा त्यांच्या अंगावर धावून गेले. "माज्या घरचे हलदीचा अपमान केलास तू! उद्यापासून मैदानाव दिसू नको." रहमानभाई "बरं" म्हणाले, नवरानवरीला आशीर्वाद दिला आणि न जेवता निघून गेले.

त्यांच्या जागी वाशीहून ट्रॅकसूटवाला कोच आला. त्याची शिट्टी फार छान होती. मैदान आखायला एक माणूस रोजावर लावला, आम्हाला पहाटे उठायचं टेन्शन राहिलं नाही, आणि आम्ही जो कोणी येईल त्याच्याकडून हरायला लागलो. रहमानभाई मात्र दर संध्याकाळी मैदानाला सायकलवरून चक्कर मारून जायचे. गाठ पडली की म्हणायचे, "कोथिंबीर न्यायला आलतो." कारखान्याच्या बाजूला एवढा मोठा बाजार सोडून हा माणूस कोथिंबिरीसाठी घणसोलीला! एकदा त्यांची बायको सकिनाभाभी मला म्हणाल्या, "गंगाराम, तुमच्या घनसोलीच्या कोथिंबिरीला सोनं लागलंय काय? रोज एक जुडी येते. घरात खायला माणसं तीन."

शहाण्णव साली शेवटचा एक सामना उरला. तो हरलो असतो तर क्लब खालच्या गटात गेला असता. ट्रॅकसूटवाला शिट्टी घेऊन आधीच निघून गेला होता. आप्पांच्या ओटीवर मीटिंग बसली, विषय एकच: रहमानभाईंना परत बोलवायचं की नाही. अर्धे म्हणाले, बोलवा. अर्धे म्हणाले, हाकललेल्या माणसाला कुठल्या तोंडानं बोलवायचं? दत्तू खांबाला टेकून ऐकत होता. शेवटी आप्पा बोलले, "बोलवा त्याला. पन तो फक्कीचा नियम नाय पायजे. घरान लगीन असंल, मयत असंल, मानसाला काय मैदान सोडून घर नाय? ह्या कबूल असंल तं येऊ दे."

निरोप पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दुसऱ्यांच्या भांडणात चेंडू नेहमी गोलकीपरकडेच येतो.

रहमानभाईंनी उभ्यानंच ऐकून घेतलं. मग खोलीत फेऱ्या सुरू झाल्या. खिडकीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून खिडकीपर्यंत.

"नियम नाय तर मी कशाला पायजे? शिट्टी वाजवायला?"

"तसं नाही, रहमानभाई."

"दत्तूला बाहेर बसवला तेव्हा माझा जीव तुटला नसेल? मुलासारखा वाढवलाय त्याला. आज बोलतो नियम गेला, म्हणजे त्या दिवशी मी चूक होतो." पुन्हा एक फेरी. "आन नाय गेलो तर टीम बुडेल."

"जावा, नायतर जाऊ नका," सकिनाभाभी चहा ठेवत म्हणाल्या, "पन एका जागी ठरवा. तुमच्या फिरण्यानं मला चक्कर येते."

"बगतो," एवढंच ते मला म्हणाले. त्यांचा चहा तसाच गार झाला.

रविवारची सकाळ भाभींनी मला नंतर सांगितली. पहाटेची नमाज झाली, बूट घातले, काढले, परत घातले. नियमच नाही तर पहाटे जायचं कशाला, म्हणून दारातून माघारी फिरले. थोड्या वेळानं सायकल बाहेर काढली, पुन्हा भिंतीला लावली. शेवटी भाभींनी हातात पिशवी दिली आणि म्हणाल्या, "कोथिंबीर आणा."

ते आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आप्पा खुर्चीत होते. मैदानाच्या मधोमध दत्तू उभा होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. रोजावरच्या माणसाला त्यानं आदल्या दिवशीच येऊ नको म्हणून सांगितलं होतं आणि आम्हाला पहाटे घरोघरी जाऊन उठवलं होतं. रहमानभाई सायकल टाकून जवळजवळ पळतच आत यायला लागले.

"थांबा," दत्तू म्हणाला. "फक्की मारायला तुमी नव्हता."

आप्पा ताडकन उठले. "अरं दत्तू, मीच बोलवलाय त्याला! तो नियम मी काढलाय!"

"तुमी काढला असंल, बाबा. मी नाय काढला."

रहमानभाई रेघेवर थांबले. पांढऱ्या हातांकडे बघत राहिले. मग आप्पांना हात करून म्हणाले, "आप्पा, बसा तुमी. मुलगा बरोबर बोलतो."

आणि ते खाली बसले. माझ्या गोलच्या बाजूला, रेघेच्या बाहेर, मांडी घालून. मी म्हटलं ना, या माणसाला मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. काय हाल झाले त्यांचे! गवत उपटलं, माती उकरली, रुमाल दातात धरला. एकदा कॉर्नरला मी चुकीच्या जागी उभा राहिलो आणि सवयीनं त्यांच्याकडे बघितलं, तर ते मान फिरवून खाडीकडे बघायला लागले. गोल झाला. त्यांच्या तोंडून आवाज नाही. शेवटी शेवटी दत्तूनं गोल फेडला, सगळे नाचले, आणि ते जागच्या जागी गुडघ्यावर थापा मारत राहिले.

सामना बरोबरीत सुटला आणि आमचं भागलं. क्लब वरच्या गटात राहिला. पोरं धावत त्यांच्याकडे गेली, तरी ते उठेनात. आप्पाही येऊन बाजूला उभे राहिले. दत्तू सगळ्यात शेवटी आला.

रहमानभाईंनी मान वर करून त्याला विचारलं, "आता बोलू काय?"

"बोला."

"ती डाव्या बाजूची रेघ वाकडी हाय."

बोलताना ते रडत होते, आणि रेघ खरंच वाकडी होती.