टोपलीभर मलबा

“बाई गेल्या ना जी,” असा सुकरूचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. सुकरू आमच्या आमगावच्या तलावात शिंगाडे लावतो. मार्थाबाईंची बातमी आधी त्याच्याकडून यावी, हे त्यांना शोभणारंच होतं. अर्ध्या दाढीनिशी तसाच धावलो. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून राबलेली बाई कपाळाला आठी घालूनच निजली होती. म्हटलं, आता कोणाशी भांडताय बाई...

महिना झाला. शोकसभेत भाषणं झाली, ‘शांत, सोशिक’ वगैरे. साफ खोटं! बाई सोशिक असत्या तर आज तलावाच्या जागी प्लॉट असते आणि त्यातल्या एकावर आमचं चर्च. हो, आमचंच. त्यासाठीच्या पत्रावर मंडळीचा सेक्रेटरी म्हणून सही माझी होती, लपवायचं कशाला?

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. वर्षानुवर्षं भाड्याच्या खोलीत उपासना, पाऊस आला की बायबलवर छत्री धरायची. गावात मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. प्लॉट पाडून विकणारा एक लेआउटवाला तलावाची एक बाजू मलबा टाकून बुजवू लागला. म्हणाला, आमचा विरोध नाही एवढं पत्र मंडळीनं द्यावं, कोपऱ्याचा प्लॉट चर्चला दान. आम्ही हुरळलो. देवानंच दार उघडलं म्हणालो. पत्र लिहून, सही ठोकून मी बाईंकडे त्यांची सही मागायला गेलो. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

“येशू पाण्यावर चालला रे, पाणी बुजवून नाई चालला. आन् सुकरूनं शिंगाडे काय तुह्या डोक्शावर लावाचे?”

मी चिडलो. “आपल्याले छप्पर नको का, बाई?”

“पायजे. पण दुसऱ्याच्या ताटावर बसून नाई.”

पत्र खिशातच राहिलं, आणि आला कापणीचा सण. त्या दिवशी ज्याच्याकडे जे पिकलं ते वेदीपुढे ठेवायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव, अशी आमची रीत. धानाच्या लोंब्या, भोपळे, पाय बांधलेला कोंबडा. बाई दरवर्षी सुकरूच्या हातचे शिंगाडे आणायच्या. त्या वर्षीही टोपली डोक्यावर घेऊन आल्या आणि धप्पकन वेदीपुढे ठेवली. आत विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा, त्यात अडकलेली शिंगाड्याची सुकलेली वेल. “यंदा तलावात हेच पिकलं,” म्हणाल्या.

लिलाव पुकारायचं काम माझं. भोपळे गेले, कोंबडा गेला, टोपली राहिली.

“पुकार ना, सेक्रेटरी. काऊन थांबला? देवापुढं ठेवलेलं हाय.”

तोंड उघडलं आणि सगळ्यांदेखत रडलो. त्याची लाज आजही वाटते. खिशातलं पत्र काढलं, फाडलं आणि त्या टोपलीत टाकलं. उपासना चालवणारे पाळकसाहेब चपला घालून तलावाकडे निघाले. त्यांच्यामागे सणाच्या कोऱ्या साड्या नेसलेल्या आमच्या बाया जाऊन ट्रकसमोर बसल्या. सुकरूची माणसं आली, बौद्ध मोहल्ल्यातले लोक आले. पुढे अर्ज, तारखा, धमक्या, सगळं झालं. बाईंच्या घरावर दगड पडले, तर तेच दगड त्यांनी अंगणातल्या वाफ्यांच्या कडेला लावले. बुजलेला कोपरा परत मिळाला नाही. छपराच्या आशेवर असलेली दोन घरं मंडळी सोडून गेली, ती कायमची. पण तलाव राहिला. आणि उपासना बाईंच्या पडवीत भरू लागली, अजून तिथेच भरते.

परवा लेआउटवाल्याचा माणूस तिथे आला. बाईंच्या फोटोला हात जोडले, चहा घेतला. मग हळूच म्हणाला, “भाऊ, अब तो बाई भी नहीं रही. चर्च का एक बार फिर सोच लो.”

डोकं असं सणकलं! पण ओरडलो नाही. बाईंची टोपली पडवीत खुंटीलाच असते, काठ तारेनं बांधलेला. रविवारी कापणीचा सण, सुकरूचे शिंगाडे तिच्यातच यायचे आहेत. ती खाली काढून त्याच्यापुढे ठेवली.

“बाई नाई, पण टोपली हाय,” म्हटलं. “टाकून पाहा मलब्याचा एक ट्रक. या खेपेला त्याचा लिलाव मी पुकारतो, तुमच्या मालकाच्या नावानिशी.”