सुनंदाताईंच्या सायकलची सीट

बसा, चहा ओतते. माझ्या गाढवपणाचे किस्से मी नेहमीच सांगते आणि तुम्ही नेहमीच हसता. हा जरा वेगळा आहे. याला किती हसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुम्हाला माहीतच आहे, मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते, असं आमचे हे म्हणतात. आणि रविवारी सकाळी रावेतहून गाडीच्या मागे सायकल बांधून निघते आणि चाकणच्या अलीकडे एका गावामागच्या टेकडीवर बायकांना सायकल शिकवते. रस्त्यावरची नाही हं, डोंगरातली. दगड, मुरूम, पावसाने पाडलेले चर, सगळं त्यात आलं.

या वर्गाला त्याच गावच्या सुनंदाताई येतात. पन्नाशीच्या, उंचीला माझ्या खांद्याएवढ्या. अंगात ड्रेस आणि त्यावर मुलाचा कंपनीतला शर्ट, बाह्या दुमडलेल्या. सायकलही मुलाचीच. अविनाश त्याचं नाव. तो एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होता, पहिल्या बोनसची त्याने गिअरची सायकल घेतली होती आणि सुट्टीच्या दिवशी याच टेकडीवरून खाली सुटायचा. दुसऱ्या पाळीहून मोटारसायकलवर घरी येताना हायवेवर अपघातात गेला.

हे मला पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं. "म्याडम, त्यो जिथनं उतरायचा ना, तिथनं मला एकदा उतरायचंय. त्याच्याच सायकलवर. तेवढं शिकवा." बाकी काही मागणं नाही.

आता माझा पहिला धडा ठरलेला. उतार लागला की सीट खाली घ्यायची. सीट उंच असली की बूड मागे सरकत नाही, सगळं वजन पुढे येतं आणि माणूस हँडलवरून थेट मुरमात. अविनाश चांगला सहा फुटी. त्याच्या मापाच्या सीटवर सुनंदाताई बसल्या की पाय हवेत. चढायला दगड लागायचा, आणि उतरायला तर काही लागायचंच नाही, त्या आपोआप खाली यायच्या. दर रविवारी पडायच्या. कोपर फुटायचं, गुडघा सोलायचा. उठून कपडे झटकून पुन्हा सीट गाठायच्या.

मी म्हटलं, "ताई, सीट खाली घेऊ."

"बोल्ट निघत न्हाई त्यो. गंजलाय."

आता क्वालिटीच्या बाईला कुणी बोल्ट निघत नाही म्हणालं तर ती काय ऐकते? बोल्ट निघत नाही, एवढंच ऐकते! पुढच्या रविवारी मी गंज सोडवायचं तेल घेऊन हजर. तर म्हणाल्या, "आज आमोशा हाय, लोखंडाला हात नका लावू." त्याच्या पुढच्या रविवारी मी हातभर लांबीचा पाना आणला. तर म्हणाल्या, "पानाच इसरलात वाटतं," आणि पाना माझ्या हातात असताना सायकल घेऊन चालू लागल्या. कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. मला वाटलं, बाई भिडस्त आहेत, माझ्या हाताला त्रास नको म्हणून टाळताहेत.

माझ्यासोबत शिकवायला मारुंजीची प्राजक्ता असते, आयटीतली. ती म्हणाली, "मॅडम, त्यांना बहुतेक सीट खाली करायचीच नाहीये."

"कुणाला पडायला आवडतं गं?" मी तिला गप्प केलं. सवय आहे मला तशी.

मग आली खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी कंपनीतल्या मशिनी धुऊन पुसून त्यांना झेंडूचे हार घालतात, तुम्ही सगळ्यांनी घातलेत. मी जाहीर केलं की सगळ्यांच्या सायकली आधीच्या रविवारी माझ्याकडे टेम्पोने येतील, मी त्या धुऊन, तेल घालून, पूजा करून दसऱ्याला टेकडीवर परत आणीन. सुनंदाताई सायकलचं हँडल सोडेचनात. शेवटी म्हणाल्या, "नुसती पुसा म्याडम. बाकी काय करू नका."

असं सांगितल्यावर माझ्यासारखी बाई काय करणार? जास्त करणार.

आमच्या पार्किंगमध्ये मी ती सायकल उलटी केली, सुलटी केली, साखळी रॉकेलमध्ये बुडवली. मग सीटच्या बोल्टवर ते गंजाचं तेल सोडलं आणि पाना लावला. तो हो, लोण्यासारखा निघाला. गंज कसला नि काय कसलं. तरी माझी ट्यूब पेटली नाही. मी मनात म्हटलं, तेलाने काम केलं.

सीटखालच्या दांडीवर एक पिवळी रेघ होती. दांडीवरून फ्रेमवर उतरलेली, सरळ. तुमच्यापैकी लाइनवर असलेल्यांना लगेच कळेल. बोल्ट घट्ट केला की आपण त्यावर मार्करने रेघ ओढतो, म्हणजे जरा जरी हललं तरी रेघ तुटलेली दिसते. पोरानं स्वतःच्या सायकलवर कंपनीची शिस्त लावली होती. आणि आमच्या खात्याचा नियम काय? बोल्ट पुन्हा उघडला की जुनी खूण राहता कामा नये. पुसायची आणि आपली नवी करायची.

मी थिनरचा बोळा घेतला आणि पुसली. दांडीवर सीटच्या उंचीपाशी गंजाचं बारीक कडं होतं, तेही पॉलिश पेपरने घासून काढलं. दांडी नव्यासारखी चकाकली. सीट वीतभर खाली घेतली, बोल्ट आवळला, माझी पांढरी रेघ ओढली आणि वर हार घातला. स्वतःवर इतकी खूश होते की ह्यांना खाली बोलावून दाखवलं.

दसऱ्याला टेकडीवर सायकली उतरवल्या. सुनंदाताई लांबूनच हसत आल्या आणि न बघता सवयीने सीटवर हात ठेवायला गेल्या. हात नेहमीच्या उंचीवर गेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच हवेत राहिला.

आणि मी बोलतेय! "आता बसून बघा ताई. दोन्ही पाय टेकतील."

"पिवळी रेघ कुठं गेली?"

"पुसली. थिनरने. डाग म्हणून ठेवला नाही."

त्या वाकल्या आणि दांडीवरून बोट फिरवलं. "त्यानं केलती ती. म्हणायचा, आये, हे माझं माप, हितनं हलवायचं न्हाई कुणी." मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "परत तेवढीच वर करा."

"किती होती?"

"तेवढीच."

तेवढी म्हणजे किती, हे आता जगात कुणालाच माहीत नव्हतं. मी सगळं पुसलं होतं ना, चोख. केसाएवढा फरक धरणारी मी, पाना घेऊन सीट वर घेत होते, खाली घेत होते, आणि त्या डोळे मिटून हाताने चाचपत होत्या. "थोडी वर. न्हाई, लई झाली." प्राजक्ताने त्यांच्या मोबाइलमधले अविनाशचे फोटो उघडून पाहिले. भरपूर होते. सगळ्यांत पोरगा सायकलवर ऐटीत बसलेला, आणि सीट त्याच्याखाली झाकलेली.

शेवटी त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. तुम्ही चांगल्यासाठीच केलं." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी हार काढून पिशवीत ठेवला आणि सायकल चालवत न नेता हाताने ढकलत घरी गेल्या. मी तिथेच दगडावर बसून रडले.

पुढे बरेच रविवार त्या आल्या नाहीत. घरी जायची माझी हिंमत झाली नाही. काय घेऊन जाणार होते, पाना?

मग एका रविवारी आल्या. सीट उंच.

"उतरले म्याडम," त्या म्हणाल्या. "तुम्ही केलती तशीच खाली घिऊन. एकलीच आलते सकाळची. वरनं खालपातुर, एकदा बी पडले न्हाई. बराबर सांगत व्हतात तुम्ही."

"मग आता वर का केली?"

"पाय टेकले ना. म्हंजी माझीच सायकल झाली ती. पडायचे तवा वाटायचं, पोरगं केवढं उंच झालं व्हतं माझं."



मग त्यांनी शर्टाच्या खिशातून पिवळा मार्कर काढून माझ्यापुढे धरला. "अंदाजानं लावलीय. तुम्ही मापाच्या मानूस. बगा, बराबर हाय का, आन् खूण तुम्हीच करा."

पट्टी गाडीत होती. मी आणायला गेले नाही. उभ्या उभ्या सीटकडे पाहिलं आणि म्हटलं, "बरोबर आहे ताई. एवढीच होती."

गुडघ्यावर बसून नुसत्या हाताने रेघ ओढायला लागले. दांडीवर सुरू झालेली रेघ फ्रेमवर येईपर्यंत पार वाकडी झाली. त्यांना ती पसंत पडली.

आमच्या कंपनीत असली रेघ कुणी ओढली, तर पार्ट लाइनवरून परत पाठवणारी बाई मीच आहे.