टेलिफोनवरची उपासना

बोलायला सुरुवात करण्याआधी ते मधल्या बोटाने टिचकी मारायचे आणि विचारायचे, "केक्कुदा?" म्हणजे, ऐकू येतंय का? समोर माइक असला तर टिचकी माइकवर. नसला तर टेबलावर, स्कूटरच्या हँडलवर, कॉफीच्या पेल्यावर. भाजीवालीला वांग्यांचा भाव विचारण्याआधीसुद्धा मी त्यांना तिच्या गाडीच्या कडेवर टिचकी मारताना पाहिलं आहे. ती म्हणाली, "ऐकू येतंय, फादर," आणि दोन वांगी जास्तीची घातली.

खरं तर ते फादर नव्हते. आमच्या घरासमोरच्या लहानशा चर्चचे ते पास्टर. प्रॉटेस्टंट, संसारी, दोन मुलींचे बाप. पण पांढरा झगा घालतो तो फादर, एवढंच आमच्या गल्लीचं ज्ञान. त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "रायरे, घरात दोघीजणी बाप म्हणतात. गल्लीने म्हटलं तर काय बिघडलं?"

रायर म्हणजे मी. कुंभकोणममध्ये आम्हा मराठी माणसांना सगळे रायरच म्हणतात. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इकडचेच होऊन गेले. आमचं घरातलं मराठी ऐकून पुण्याचे व्याही एकमेकांकडे बघून हसतात, म्हणून लिहिताना मी जरा जपून लिहितो. माझी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात नेऊन पोचवायचं, आयुष्यभर एवढंच केलं. निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, सुटलो.

मग कोविड आला आणि चर्चच्या फाटकाला कुलूप लागलं. तुम्हीही पाहिलेच असतील ते दिवस. रस्त्यावर कुत्री तेवढी मोकळी होती. पहिल्या बंद रविवारी ते झगा घालून एकटेच आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. मी ओट्यावर होतो. ते फाटकापाशीच, लांब उभे राहिले.

"रायरे, आज मी बाकांना उपदेश केला."

"मग? काय म्हणाले बाक?"

"कुणी घड्याळ बघितलं नाही."

हा विनोद त्यांनी स्वतःवर केला होता. त्यांचा उपदेश लांबीसाठी प्रसिद्ध होता. लाउडस्पीकरवर तो सुरू झाला की माझी बायको आतून म्हणायची, आता सांबाराची डाळ चढवायला हरकत नाही. डाळ शिजायची, सांबार उकळायचं, पापड तळून व्हायचे, आणि पास्टर अजून लाल समुद्रापाशीच असायचे.

दुसरी मोठी चर्चेस इंटरनेटवर उपासना दाखवू लागली. यांच्या मुलींनीही वडिलांना मोबाइलपुढे उभं केलं. पण यांची निम्मी मंडळी तिरुविडैमरुदूर, इन्नंबूर अशा गावांतून येणारी. शेतावर जाणारी माणसं, म्हाताऱ्या बायका, हातात बटणांचे फोन. एके संध्याकाळी ते ओट्याच्या पायरीवर टिचकी मारून म्हणाले, "केक्कुदा, रायरे? मोठा फोन असणाऱ्यांना चर्च मिळालं. बटणवाल्यांचं काय?"

आणि माझ्याकडे बघत राहिले. मी जुन्या सहकाऱ्यांना विचारून कॉन्फरन्सची सोय करून घेतली. मी माझ्या ओट्यावर बसून एकेक नंबर जोडायचा, पास्टरांनी चर्चमधून बोलायचं. बायको म्हणाली, "तुमी आतां किरस्तांव जालांत काय? बसाचं तर बसा, अंघोळ तरी करून बसा." तेव्हापासून रविवारी मी सकाळी लवकर अंघोळ करू लागलो.

पहिला रविवार पार फसला. त्यांच्यात माणसं भेटली की एकमेकांना "स्तोत्रम" म्हणतात, आणि ते प्रत्येकाने प्रत्येकाला म्हणायचं असतं. कुणाला वगळलं तर राग येतो. मी नवा नंबर जोडला की आलेला माणूस "स्तोत्रम" म्हणायचा, आधीचे सगळे उलट म्हणायचे, मग तो एकेकाचं नाव घेऊन चौकशी करायचा, तुमच्या गाईचं काय झालं, सून बाळंत झाली का. शेवटचा नंबर जोडेपर्यंत पहिल्याची बॅटरी संपली. तो परत आला तेव्हा त्याने पुन्हा सगळ्यांना स्तोत्रम म्हटलं. उपासना त्या दिवशी झालीच नाही. मी कपाळाला हात लावला. पास्टर मात्र खूश होते. "आज सगळ्यांनी सगळ्यांची चौकशी केली," ते म्हणाले. "चर्चमध्ये मी त्यांना एवढं बोलू तरी कुठे देतो?"

गाण्यांची तऱ्हा आणखी वेगळी. लाइनवर आवाज मागेपुढे पोचतो. इन्नंबूरचे लोक दुसऱ्या कडव्यावर, गावातले पहिल्यावरच, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि मधेच दूधवाल्याला दिलेली एक सणसणीत शिवी. एकदा उपदेशात घोरणं ऐकू आलं. मी आवाज तोडायला निघालो तर ते म्हणाले, "राहू द्या. चर्चमध्येही झोपतात, तिथे फक्त पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही." पण बॅटऱ्यांच्या काळजीने त्यांनी उपदेश आखूड केला. आमच्या घरी डाळ कच्ची राहू लागली. त्यांच्या बायकोने मला हळूच सांगितलं, या रोगाने केलेलं एवढं एकच चांगलं काम.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. मंडळीतला एक सुतार गेला तेव्हा दफनाला घरच्यांनाही जाता आलं नाही. पास्टर गेले. एका हातात बायबल, दुसऱ्या हातात फोन. मी ओट्यावरून त्याच्या बायकोला आणि मुलांना जोडून दिलं होतं. माती पडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत तसा आवाज मी कधी कुणाच्या कानी पोचवला नव्हता. फोन ठेवल्यावर मी रडलो.

त्यांच्यात एक जुनी रीत आहे. भात लावताना घरातली बाई रोज एक मूठ तांदूळ देवासाठी वेगळ्या डब्यात टाकते आणि महिन्याला चर्चच्या बायका घरोघर फिरून ते गोळा करतात. टाळेबंदीत गोळा करणार कोण? पास्टरांनी फोनवर सांगितलं, "वाट बघू नका. शेजारी कुणाची चूल बंद आहे ते बघा आणि डबा तिथे रिकामा करा." मग जो तो सांगू लागला, मी अमक्याला दिले, मी तमक्याला. त्या सगळ्यांत एक थकलेला, पण शब्द स्पष्ट उच्चारणारा आवाज आला. मंडळी पास्टरांना अय्या म्हणते.

"अय्या, माझा डबा तर कधीचा भरलाय. कित्येक वर्षं कुणी न्यायलाच आलं नाही. मी खिडकीतून चिमण्यांना घालते आणि सुनेकडून परत भरून घेते."

ती टीचर अम्मा. चर्चच्या शाळेत निम्म्या मंडळीला तिनेच अक्षरं शिकवली होती. पुढे अर्धांग झालं आणि ती तिरुविडैमरुदूरला पुतण्याच्या घरी खाटेला खिळली. पास्टर बदलले, तांदूळ गोळा करणाऱ्या बायका बदलल्या, आणि ती कुणाच्याच लक्षात राहिली नाही. फोनवर तिला जोडायला कुणीतरी सुचवलं होतं. इतके रविवार ती गप्प असायची आणि मला वाटायचं, लाइन मेलेली आहे.

कधी शब्दाला न अडणारे पास्टर एवढंच म्हणाले, "टीचर अम्मा, ऐकलं मी."

त्या संध्याकाळी ते येऊन पायरीवर बसले. टिचकी मारली नाही. "इथे आल्यापासून मी दर रविवारी विचारतोय, ऐकू येतंय का. सगळे हो म्हणतात. जी आलीच नाही ती नाही कशी म्हणणार?" आतून बायको म्हणाली, "त्येनला विचारा, जेविलेंत काय म्हणून." ते जेवले नव्हते. तिने दहीभात दिला, त्यांनी खाली मान घालून खाल्ला.

रस्ते उघडले त्याच दिवशी ते स्कूटरवरून तिचे तांदूळ घेऊन आले आणि रिकाम्या चर्चमध्ये वेदीपुढे ठेवून आले. त्यानंतर दर रविवारी शेवटी विचारायचे, आपल्यातलं कोण राहिलंय? मग कुणाची आंधळी आत्या सापडायची, कुणी रविवारी दुकान न सोडू शकणारी, कुणी मंडळीशी भांडून घरी बसलेला. माझी नंबर जोडण्याची धांदल वाढतच गेली. गंमत बघा, चर्च बंद असताना मंडळी वाढली.

पुढे चर्च उघडलं. मास्क लावून, अंतर राखून माणसं आली. आणि कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, आता फोन बंद. हे कडक इस्त्रीचे, सरळ मनाचे गृहस्थ. चर्चच्या छपराच्या कौलांपासून फुलदाण्यांपर्यंत सगळं तेच बघायचे. माझ्या ओट्यावरच दोघांची जुंपली.

"अय्या, फोटोतल्या इडलीने पोट भरतं का? धडधाकट माणसं लुंगीवर घरी बसून कॉफी पीत उपासना ऐकतायत. अर्धे बाक रिकामे."

"खरं आहे. ज्यांना येता येतं त्यांनी यायलाच हवं. पण ज्यांना येता येत नाही?"

"त्यांच्यासाठी फोन ठेवला की सगळ्यांनाच येता येत नाही."

सेक्रेटरींचं अगदीच चुकत होतं असं मला वाटत नाही. शेवटी कमिटीने ठरवलं, हे पास्टर आहेत तोवर फोन, पुढचं पुढे. आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या बदलीचा हुकूम आला. त्यांच्यात काही वर्षांनी पास्टर बदलतातच. गाव सोडायचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. टोचत होतं ते एकच. "मी गेलो की आधी ती लाइन जाईल," ते मला म्हणाले. "आणि टीचर अम्मा दुसऱ्यांदा हरवेल. पहिल्यांदा कुणाला कळलं नव्हतं. या वेळी कळून हरवेल."

निरोपाच्या रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. हार, रेशमी शाल, मागच्या अंगणात बिर्याणीचं पातेलं. पण पास्टर तिथे नव्हते. आदल्या दिवशी त्यांनी फक्त सेक्रेटरींना सांगितलं होतं, उद्या चर्चमधला फोन तुम्ही माइकपाशी धरा. सेक्रेटरींना ते मुळीच आवडलं नव्हतं, तरी जाणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून ते तयार झाले. आणि या वयात मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून तिरुविडैमरुदूरला निघालो होतो.

टीचर अम्माची खाट खिडकीशी. तिला धुतलेली साडी नेसवली होती, केस नीट विंचरलेले. पास्टर झगा घालून प्लास्टिकच्या स्टुलावर बसले आणि मी फोन तिच्या उशीजवळ ठेवला. तिकडून सेक्रेटरींचा आवाज आला, "अय्या, सगळे बसलेत. पण इथे नीट ऐकू येत नाही."

"आम्हालाही असंच येत होतं," टीचर अम्मा म्हणाली. "कान देऊन ऐका, येईल."

गाणं सुरू झालं. तिचा अर्धा ओठ हलत नव्हता, तरी सूर पक्का. आवाज इकडून तिकडे जायला वेळ लागतो. ती कडवं संपवायची तेव्हा भरलेलं चर्च तिच्या मागून येत असायचं. पास्टर मधे पडले नाहीत. ती पुढे आणि सगळी मंडळी मागे, असं ते गाणं शेवटपर्यंत गेलं.

मग त्यांनी तिलाच प्रार्थना करायला सांगितलं. ती लगेच सुरू झाली नाही. फोनमधून कुजबुज ऐकू येत होती. ती म्हणाली, "मागच्या बाकावर कोण बोलतंय? हात बांधून बसा." आणि तिकडे एकदम शांतता झाली. मी पास्टरांकडे पाहिलं. ते डोळे पुसत हसत होते.

ते गेले. सामानाचा ट्रक गल्लीतून बाहेर पडताना भाजीवाली उभी राहून बघत होती. पुढच्या रविवारी मी सवयीने अंघोळ करून ओट्यावर बसलो, पण फोन हातात घ्यावा की नाही ते कळेना. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. नव्या पास्टरांची मोटार फाटकात लागलेली दिसत होती.

तेवढ्यात कडक इस्त्रीतले सेक्रेटरी रस्ता ओलांडून आले. "रायरे, टीचर अम्मांना आधी लावा," ते म्हणाले. "त्या आल्या की सुरू करू. नव्या अय्यांना सांगून ठेवलंय."

मी नंबर लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिकडून फोन उचलला गेला.