संत्र्याची सावली

ताईंना काळा रंग चालत नसे. साडीत चालायचा, छत्रीत चालायचा, सावलीत नाही. भर उन्हात स्कूटर लावून ऑफिसच्या पायऱ्या चढताना त्या मध्येच थांबत, फाटकाची रस्त्यावर पडलेली सावली बघत आणि मागून येणाऱ्याला विचारत, "कोणता रंग आहे गा हा?" तो बिचारा म्हणे, "काळा." "डोळे आहेत का बटनं?" एवढं बोलून ताई वर. मे महिन्यात सावली जांभळी असते आणि डिसेंबरात निळी, हे प्रताप नगरच्या त्या दोन खोल्यांत मी त्यांच्याकडून शिकलो.

तिथे आमची मोबाइलवरचे खेळ बनवणारी छोटी कंपनी होती. जुन्या व्हिडिओ गेमसारखी चौकोनी ठिपक्यांची चित्रं, ही आमची ओळख. ताई मुख्य चित्रकार. मी त्यांच्या हाताखाली, शिवाय कामाच्या तारखा सांभाळणारा. त्या महाल नावाच्या जुन्या वस्तीतून यायच्या आणि आल्या आल्या गोड चहा मागवायच्या. डॉक्टरांनी साखर बंद केली होती. कोणी आठवण करून दिली की म्हणायच्या, "गोळी घेतली ना सकाळी. तिले काही काम नको का?"

ठिपक्यांच्या चित्रात रंग मोजके वापरायचे असतात. एका वस्तूला गडदपासून उजळपर्यंत पाच-सहा चौकोन. त्या ओळीला ताई शिडी म्हणत. नवशिका माणूस नारिंगी घेतो, गडद करायला त्यात काळा आणि उजळ करायला पांढरा मिसळत जातो. मीही तेच केलं होतं. ताईंनी माझं संत्रं पाहिलं. "हे सडलं. कोणी फुकट देल्लं तरी घेऊ नको." मग शेजारी बसून त्यांनी शिडी लावली. नारिंगीखाली तांबडा, त्याखाली डाळिंबी, तळाला जांभळा. वर केशरी पिवळा आणि टोकाला लिंबाच्या सालीसारखा फिका. "खाली उतरताना रंग सावलीकडे सरकला पाहिजे, वर चढताना उन्हाकडे. नुसता अंधार वाढवू नको." पडद्यावर ते संत्रं असं भरून आलं की सोलून खावंसं वाटलं.

पुढे एका दिवाळीनंतर त्यांच्याच शिड्या बिघडू लागल्या. जांभळ्याच्या जागी मातकट तपकिरी, पिवळ्याच्या जागी गुलाबीकडे झुकलेला पांढरा. एका संत्र्याची सावली तर चक्क शेवाळी आली. ताईंना ते दिसत नव्हतं. काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं. "स्क्रीन खराब झाली बापा," त्या म्हणाल्या. मी नवी स्क्रीन आणवली. तिच्यापुढे त्या बराच वेळ बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "हीही तशीच." तेव्हाच मला कळलं.

कळूनही मी बोललो नाही. ताई घरी गेल्या की त्यांच्या फायली उघडून शिड्या दुरुस्त करायचो. सकाळी त्या आपलं काम पाहून खूश व्हायच्या. आपण त्यांचा मान राखतोय, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिलो. आता थकलो आहे, म्हणून लिहितो. मला काम अडायला नको होतं, हे एक. दुसरं त्याहून वाईट. ज्या बाईनं माझं संत्रं सडकं म्हटलं होतं, तिचं संत्रं मी नीट करत होतो, आणि त्याचं मला सुख होतं.

त्याच थंडीत ऑफिसची सहल रामटेकला गेली. गडावरून खाली कापणी झालेली धानाची शेतं आणि पलीकडे डोंगर. बाकीचे फोटो काढण्यात गुंतले होते. ताईंनी मला कठड्याशी बोलावलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"ते डोंगर मले राखेसारखे दिसून राहिले. तुले कसे दिसतात? खरं सांगजो."

शेतांवर कोवळं पिवळं ऊन होतं. दूरचे डोंगर निळे, त्यामागचे जांभळट. ताईंचीच शिडी कोणी जमिनीवर अंथरावी तसं.

"मलेही तसेच दिसून राहिले, ताई," मी म्हणालो. "धुकं आहे ना."

"हाव," त्या म्हणाल्या आणि शाल सारखी करून पायऱ्या उतरू लागल्या.

उन्हाळ्यात एका सकाळी त्यांच्या डोळ्यांपुढे जाळं आलं ते गेलंच नाही. साखरेनं डोळ्यांचा आतला पडदा कधीचाच खाल्ला होता. थोडं आधी दाखवलं असतं तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ताईंनी काम सोडलं. आता त्यांना उजेड कळतो, माणसाची आकृती कळते, रंग नाही. मी सणासुदीला फोन करायचो. घरी जायचं टाळत राहिलो.

गेल्या महिन्यात महालात गेलो. जिन्यातच त्यांनी ओळखलं. "चप्पल घासत येते तो तूच." चहा झाला. मग मी एकदाचं बोललो.

"ताई, त्या दिवशी रामटेकले धुकं नव्हतं."

"माहीत आहे. पाठीवर चांगलं ऊन लागून राहिलं होतं. धुक्यात ऊन लागते का गा?"

"मग बोलल्या काहून नाही?"

 "मलेही धुकंच पाहिजे होतं."

माझा भार हलका करायला त्या असं म्हणाल्या असाव्यात. तिथेच थांबलो असतो तर सुटलो असतो. पण मी शिड्यांचंही सांगितलं. ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा हात कपाच्या कडेवरून फिरत होता, तो थांबला.

"कोणत्या शिड्या?"

"दिवाळीनंतरच्या. सगळ्या."

"म्हणजे त्या शेवटच्या खेळातलं संत्रं..." त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, नजर माझ्या खांद्याच्या जरा बाजूला लागली. "घरी आलेल्या प्रत्येकाले मोबाइल काढून दाखवते मी ते. माझं म्हणून."

 खाली गल्लीत कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तो किक मारत राहिला. मी उठलो. ताई भिंतीला हात लावत दारापर्यंत आल्या.

"पुन्हा येशील तर संत्री आणजो," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. "अन् एखादं सडकं निघालं, तर सडकंच हातात देजो मले. बदलू नको."