डबा न मावणारी बॅग

‘पिशवी उलटी करा.’

गार्डनं सांगितलं आणि मी केली. चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवर पत्र्याचं टेबल आहे. संध्याकाळी सुटताना वर्करनं त्यावर पिशवी रिकामी करायची, ही इथली रीत. डबा पडला. चमचा, घामट बनियन, बीपीच्या गोळ्या. आणि शेवटी लॅपटॉप.

‘हा कुणाचा उचलला?’

‘माझाच आहे. कंपनीनं दिलाय. आता स्टाफला आहे मी, क्वालिटीत.’

त्यानं माझ्या गळ्यातलं कार्ड ओढलं. दोरीबरोबर मीही वाकलो. त्यानं आडनाव वाचलं. पुन्हा वाचलं. ‘बरं बरं,’ म्हणाला. त्या दोन ‘बरं’मध्ये काय होतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. पन्नाशी आली ते ऐकत.

शेजारून आमच्याच डिपार्टमेंटचा नवा इंजिनियर निघाला होता. सव्वीस वर्षांचा, बड्या घरचा. पाठीवर राखाडी बॅग. गार्डनं त्याला सलाम ठोकला, बॅगेला हात लावला नाही. तो माझं टेबल बघून थांबला.

‘काका, लॅपटॉप डब्याच्या पिशवीत? डेटावर आमटी सांडेल ना राव.’

गार्ड हसला. मागची रांग हसली. मीपण हसलो. ते हसणं अजून तोंडात कडू आहे.

एकोणीस वर्षं लाइनवर काढून मी स्टाफला आलो होतो. स्टाफला रुजू होणाऱ्याला कंपनी बॅग देते, बाटली देते, डायरी देते. जॉइनिंग किट. मी मागायला गेलो. एचआरच्या मॅडम गोड बोलल्या, ‘तुमचं जॉइनिंग तर कधीच झालंय. किट नव्या लोकांना असतं.’ बरोबरच होतं त्यांचं. मी नवा नव्हतो. जुनाच होतो, फक्त खुर्चीवर बसवलेला.

त्या इंजिनियर पोराच्या बॅगेचा मला किती हेवा वाटायचा, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. मीटिंगमध्ये पडद्यावर आकडे चालायचे आणि माझे डोळे त्याच्या खुर्चीखाली. पाठीच्या बाजूला एक चोरकप्पा. बाटलीला जाळी. तळाशी घडी घातलेलं पावसाचं कव्हर. चेन ओढली तरी आवाज नाही. माझ्या पिशवीची चेन ओढली की सगळं डिपार्टमेंट वळून बघायचं.

सगळ्यात जास्त जळायचो ते एका गोष्टीवर. तो बॅग जमिनीवर टाकायचा आणि पायानं आत सरकवायचा. वस्तूवाचून ज्याचं कधी अडलेलं नाही, त्यालाच तिला असं वागवता येतं. मला ती बेफिकिरी हवी होती. ती दुकानात मिळत नाही हे कळत होतं. तरी गेलो.

पिंपरीच्या बाजारात चार रविवार फिरलो. एका दुकानदारानं नीट चौकशी केली. ‘रोजच्या वापराला ना साहेब? डबा नेता? मग ही घ्या, खाली वेगळा कप्पा आहे.’ चांगली होती. शिवण पक्की, पट्टे रुंद. माझ्या पाठीला तीच बरी होती. मी ती बाजूला सारली.

‘ती राखाडी दाखवा.’

‘तिच्यात डबा उभा राहणार नाही, साहेब.’

‘डबा नेत नाही मी.’

खोटं बोललो. मग ते खरं करावं लागलं. घरी सांगितलं, आता कँटीनला जेवीन.  बायको महिनाभर रोज पहाटे उठून ओट्याशी जायची आणि मग आठवून परत यायची.

गेटवर पहिल्याच दिवशी सलाम मिळाला. गार्ड तोच. ज्यानं कार्ड ओढलं होतं, त्यानं कार्ड पाहिलंसुद्धा नाही. बॅग पाहिली. मी उजवीकडून, स्टाफच्या वाटेनं बाहेर पडलो. आणि खोटं कशाला सांगू, डावीकडच्या वर्करच्या रांगेकडे बघून मला बरं वाटलं.

कमलताई काळेवाडीत आमच्या गल्लीत राहते. तिचा नवरा माझ्याबरोबर लाइनवर होता. तो वारल्यावर मीच तिला पॅकिंगला लावलं, कंत्राटावर. एका संध्याकाळी गेटवर बाई गार्ड नव्हती. त्या गार्डनंच तिची पिशवी उलटी केली. डब्याबरोबर पॅडचं पाकीट पडलं, फोडलेलं. रांगेतून कुणीतरी शीळ घातली. तिनं मला पाहिलं.

‘दादा, सांगा की ह्यांना. वळखता तुमी मला.’

तो पोरगा माझ्या शेजारी उभा होता, तसलीच बॅग घेऊन. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, ‘चेकिंग आहे, ताई. सगळ्यांनाच असतं.’

सगळ्यांनाच. पाठीवर न उघडलेली बॅग घेऊन मी हे म्हणालो. आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टॉपवर ती शेजारी येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

‘माझ्या पिशवीत काय असतं ते समद्या गेटनं बघितलं. तुमच्या बॅगेत काय असतं हो दादा?’

 बॅगेत लॅपटॉप होता, आणि त्यात कंपनीची सगळी ड्रॉइंगं. चोरी करायचीच म्हटली, तर तिनं नेऊन काय नेलं असतं? चार बोल्ट. मी अख्खा प्लँट नेला असता, आणि वर सलाम घेतला असता.

त्या संध्याकाळी मी डाव्या रांगेत उभा राहिलो. नंबर आला तशी बॅग टेबलावर रिकामी केली.

‘साहेब, तुम्ही तिकडनं,’ गार्ड म्हणाला.

‘तपास. आणि तिकडच्या सगळ्यांना इकडं बोलाव. जमत नसेल तर या बायकांच्या पिशव्यांना हात लावायचा नाही.’

उजवीकडून तो पोरगा म्हणाला, ‘काका, ड्रामा कशाला? बस सुटेल.’

‘सुटू दे. तुझी बॅग आण इथं.’

त्यानं आणली नाही. मान खाली घालून निघून गेला. तेव्हापासून मी रोज डावीकडून जातो.

आता पत्र आलंय. स्टाफनं स्टाफच्या मार्गानंच ये-जा करावी, अन्यथा कारवाई. मॅनेजरनं केबिनमध्ये बसवून समजावलं, रिटायरमेंट किती लांब आहे ते, मुलीचं लग्न व्हायचंय ते. सगळं खरं आहे. कमलताई अजून माझ्याशी बोलत नाही. बोलावं असं मी काही केलेलं नाही. मी तिच्यासमोरून चालत गेलो होतो, ते पुसलं जाणार नाही. हेवाही गेलेला नाही. त्या पोराला पाहिलं की आत जळतंच. जळू दे.

पत्राचं उत्तर मी हातानं लिहून दिलं. दोन ओळी. ‘जोवर कंत्राटी बायकांच्या पिशव्या सगळ्यांसमोर उलट्या केल्या जातात, तोवर मी स्टाफच्या मार्गानं जाणार नाही. कारवाई करावी.’